काळ्या पेटीची उपमा

झाशीत येऊन मला नऊ वर्षं झाली. नवरा इथल्या सरकारी इंजिनिअरिंग कारखान्यात, आणि मी दर रविवारी सकाळी स्कूटर काढून छावणीत जाते, मराठी शिकवायला. फौजी घरांतली सहावी ते आठवीची अकरा पोरं. आपसात हिंदी, आईशी अर्धं मराठी, आणि मला हाक मारतात 'बाईजी'. आधी चिडायचे. आता कोणी नुसतं 'बाई' म्हटलं तर चुकल्यासारखं वाटतं.

त्या वेळी उपमा अलंकार चालला होता. मी आईवर एक उपमा लिहून आणायला सांगितली, तर अकराच्या अकरा आया चंद्रासारख्या निघाल्या. माझं डोकंच फिरलं.

"तुमच्यापैकी कोणाची आई रात्री आकाशात उगवते रे? हात वर करा!"

कोणी केला नाही.

"मग डोळ्यांनी पाहिलंय तेच लिहा. चंद्र, कमळ, हिरा, सगळ्यांना आजपासून सुट्टी!"

पुढच्या रविवारी अहो, काय बहार आली म्हणून सांगू! एकाने लिहिलं, "माझं दप्तर मानिक चौकातल्या बाजारासारखं आहे. हवं ते सोडून सगळं हाताला लागतं." दुसऱ्याचे पीटीचे सर कुकरसारखे, तीन शिट्ट्या झाल्या की थंड. तिसरीचे बाबा त्यांच्या रजेसारखे, येणार येणार म्हणतात आणि रद्द होतात. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

मग सातवीतली एक मुलगी उभी राहिली. दोन वर्षं ही सतरंजीच्या टोकाला बसून असायची. कळायचं सगळं, पण काही विचारलं की नुसती मान हलवायची. त्या दिवशी मात्र आपणहून उठली आणि वाचलं, "माझी आई आमच्या काळ्या पेटीसारखी आहे."

वर्ग फिदीफिदी हसला. आणि मला काय झालं कोण जाणे, माझा पाराच चढला. "पेटी? जन्मदात्या आईला पेटी म्हणतेस? काहीतरी चांगलं लिही की जरा!" तिची वही ओढून त्या पानावर लाल पेनाने ही एवढी फुली मारली. ती खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

पुढचे दोन रविवार ती आलीच नाही. तिसऱ्या रविवारी पोरांनी सांगितलं, "बाईजी, उसके पापा की पोस्टिंग आ गयी. शुक्रवारी जाणार."

त्या पोरीने मोठ्याने म्हटलेलं पहिलं मराठी वाक्य मी खोडलं होतं, आणि आता ती ते तसंच घेऊन जाणार होती. पुन्हा कधी मराठीत तोंड उघडलं नसतं तिने. मी वर्ग लवकर सोडला आणि तडक तिच्या क्वार्टरवर गेले.

पडदे उतरले होते, खोकी पसरली होती. तिची आई पदर खोचून कामाला लागलेली. "या बाई, बसा." मी नेहमीच्या दिवाणावर बसले, फुलाफुलांची चादर घातलेल्या. तिथे बसून किती चहा प्यायले असेन, दिवाळीचा फराळही केलेला. पोरगी भिंतीकडे तोंड करून पुस्तकं बांधत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची आई म्हणाली, "बाई, जरा उठता का? ही भरायची राहिलीय."

तिने चादर काढली, गादी उचलली. खाली काळी लोखंडी पेटी! कडेला पांढऱ्या रंगात गावाचं नाव, त्याखाली आधीचं पुसलेलं, त्याखाली त्याच्याही आधीचं.

"अगं बाई! मी दोन वर्षं हिच्यावर बसत होते?"

"आम्हा फौजी लोकांत असंच असतं," ती म्हणाली. "गाव बदललं की देव, कुकर, हिची उशी, सगळं या पेटीत. नव्या क्वार्टरला आधी हीच उघडायची. मग रिकामी झाली की वर गादी टाकायची."

आणि तिने झाकण उघडलं. आतल्या बाजूला सामानाची यादी चिकटवलेली होती आणि तिच्या शेजारी वहीचं एक पान. माझी लाल फुली लांबूनच ओळखू आली. फुलीखाली दोन ओळी होत्या. दुसरी मी कधी वाचलीच नव्हती: "सगळे तिच्यावर बसतात, पण घर तिच्यातच असतं."

"माझ्यावर कोणी काही लिहिलेलं हे पहिलंच," आई जरा लाजून म्हणाली. "फुलीसकट लावलं."

मला रडूच फुटलं. लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. पर्समधून तोच लाल पेन काढला, पेटीत डोकं घातलं आणि पानावर लिहिलं, "दहापैकी दहा. चूक बाईजींची." खाली सही ठोकली. पोरगी माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होती. "बाईजी, तारीख राहिली," ती म्हणाली. मी तारीखही घातली.

मग आम्ही तिघींनी मिळून पेटी भरली. इतकी भरली की झाकण काही लागेना. "चला, बसू या वर," मी म्हटलं आणि पुढे झाले.

"बाईजी, हळू बसा," पोरगी म्हणाली. "आई आहे ती."