चटईखालचा गंज

मोटार हातात यायच्या आधी मी बैलगाडी हाकायचो. शिरपूरच्या एका डॉक्टरांनी मला ड्रायव्हर म्हणून ठेवलं आणि मी त्यांच्या जुन्या मोटारीला बैलासारखीच आंघोळ घालू लागलो. रोज सकाळी बारा बादल्या. वरून तर घालायचोच, पण दारं उघडून आतसुद्धा पाणी मारायचो. खाली काथ्याची चटई होती, ती झटकून ओलीच परत अंथरायची की झालं काम. पोळ्याच्या दिवशी मी दिव्यांच्या कड्यांना हिंगूळही लावला होता. डॉक्टर हसले, पण पुसायला लावलं नाही. बाजारातली माणसं तिच्या चकचकीत दारात तोंड बघून टोपी सारखी करायची, आणि माझी छाती फुगायची.

एके दिवशी मागच्या बाजूला चढलो तर पायाखाली काहीतरी दबलं. चटई उचलून पाहिलं. पत्रा पापडासारखा झाला होता. बोट टेकलं तर ते आरपार गेलं आणि खालची माती दिसली.

"अरे, तू गाडी धुतोस की कुजवतोस?" डॉक्टर म्हणाले. "धुळ्याला जा आणि नवा पत्रा बसवून आण. माझी बॅग तिथंच असते."

लढाईचे दिवस होते. पत्रा सोन्यासारखा महाग झाला होता, तरी धुळ्याच्या मिस्त्रीकडे एक जुना तुकडा निघाला. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि बाहेर आला तो हसतच.

"वर बठ्ठं चकचकीत आन खाले चाळणी! रोज धोस ना इले?"

चहाला बसलेले चार जण खो खो हसले. माझा राग पहिल्यापासून नाकावर. मी तसाच गाडीत बसलो आणि पत्रा न लावता परत आलो. घरी रॉकेलचा रिकामा डबा कापला, ठोकून सपाट केला, भोकावर नुसता ठेवला आणि वर चटई ओढली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "झालं काम, साहेब." डॉक्टर माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारे होते, त्यांनी चटई उचलून पाहिली नाही.

श्रावण सरत आला होता. दोनचार दिवस उघडीप होती. दुपारी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून एक तरुण शेतकरी धावत आला. बायकोला सकाळी मुलगी झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी रक्त थांबवायचं इंजेक्शन बॅगेत टाकलं, बॅग मागं चटईवर ठेवली आणि पुढं बसले. तो शेतकरी मागच्या दाराशी आला. गुडघ्यापर्यंत चिखल. मी सकाळीच चटई धुतली होती.

"चिखलना पाय शेतस, भाऊ," मी म्हणालो. "पायरीवर उभा ऱ्हाय."

तो दाराबाहेरच्या पायरीवर चढला, टपाची दांडी धरली आणि सगळी वाट पुढं बघत उभा राहिला. वाट कसली, गाडरस्ताच तो. मधल्या नाल्यात गाडीला तीन मोठे हिसके बसले. मागं काही वाजल्यासारखं वाटलं, पण मी चाकं सांभाळत होतो.

गावात पोचलो. डॉक्टर बॅग घ्यायला मागं वळले. बॅग नव्हती. चटई आत खचली होती, डब्याचा पत्रा गेला होता आणि हातभर भोकातून गावाची जमीन दिसत होती. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते शेतकऱ्याच्या झोपडीकडे धावले. मी गाडी तशीच परत नाल्याकडे पळवली. नाल्याच्या पाण्यात उतरलो, गवत चाचपलं, काठावर ओणवा होऊन शोधत राहिलो. पाण्याने बॅग कुठवर नेली असेल याचा अंदाज लागेना. मी रिकाम्या हाताने परतलो तेव्हा बायकांचा आकांत लांबूनच ऐकू आला. डॉक्टर अंगणात हात धूत होते. आत ती तान्ही मुलगी रडत होती, आणि तिला कुणी घेत नव्हतं.

परतताना मी डॉक्टरांना डब्याच्या पत्र्याचं सगळं सांगितलं. चिखलाच्या पायांचं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. तो मागं बसला असता तर बॅग त्याच्या पायांशी असती. ती घसरताना त्याने पाहिली असती. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की ते आठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यासमोर गाडीशी उभा होतो. गाडी धुतली नव्हती. तो शेतकरी समोरून चालत आला, खांद्यावर डॉक्टरांची बॅग. नाल्याच्या खालच्या अंगाला गुराख्याला सापडली होती. पुसून, वाळवून आणली होती. मागच्या दाराशी येऊन तो थांबला. एक पाय उचलून त्याने मला स्वच्छ धुतलेला तळवा दाखवला.

"पाय धोईसन उनू, भाऊ," तो म्हणाला आणि त्याने गाडीच्या आत बोट दाखवलं. "आते बॅग मझार ठेवू का?"