सासूबाईंच्या हातातला टॉवेल

माझी नणंद बॉक्सर आहे म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात. घरात भांडण झालं तर तुमचं कसं हो वहिनी, हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता सरळ सांगते, भांडणात ती माझ्यापुढे टिकत नाही. हात उचलायला तिला घंटा वाजावी लागते. माझ्या तोंडाला घंटा लागत नाही.

पण खरं सांगते, तिच्यासारखी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. मी जळगावची, लग्न होऊन सोनगीरला आले तेव्हा ती बारावीत होती. पहाटे गडावर पळत जायची, खाली येऊन म्हशींचं शेण काढायची आणि मग एसटीनं धुळ्याला. तिथे एका मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सर बॉक्सिंग शिकवायचे. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये नुसतं उभं राहिलं तरी माणूस भाजून निघतो, ही तिथे दोरीवर उड्या मारायची. घरी आल्यावर भांडं आपटणं नाही, कुरकुर नाही. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

पदकं मिळाली, पेपरात फोटो आले, नोकरी काही आली नाही. मग तिनं ठरवलं, आता व्यावसायिक लढती लढायच्या. त्यात डोक्याला ते जाड हेडगार्ड नसतं. उघडं डोकं, उघडा चेहरा. सासूबाईंना हे कळलं आणि त्यांनी जेवण सोडलं. सासरे गेल्यावर या बाईनं डेअरीला दूध घालून दोन मुलं मोठी केली. त्यांचं नाही म्हणजे नाही.

शेवटी सर समजवायला घरी आले. म्हणाले, "अक्का, मुलीला फार लागतंय असं वाटलं, तर आपल्याला आत टॉवेल टाकता येतो. टॉवेल पडला की लढत तिथल्या तिथे थांबते."

"कोन टाकस तो?" सासूबाईंनी विचारलं.

"मी टाकतो."

"तुम्ही नही. तो टॉवेल मना हातमा ऱ्हाई."

सरांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय. ते हसले. सासूबाई हसल्या नाहीत. मग झालं, तीच अट ठरली.

तेव्हापासून आमच्या कोपऱ्यात तिघं असतात. सर, पाण्याची बाटली आणि बर्फ घेऊन मी, आणि डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर पांढराशुभ्र टॉवेल घेऊन बसलेल्या सासूबाई. आयोजक आमच्याकडे वरातीला चुकून आल्यासारखे बघायचे. बघेनात का! सुरुवातीच्या लढती नणंदेनं भराभर जिंकल्या. सासूबाई तो सगळा वेळ डोळे मिटून होत्या.

मग जळगावची लढत आली. माझं माहेर, म्हणून मला मिरवायची कोण हौस होती! जी जिंकेल तिला पुढची लढत बँकॉकला मिळणार होती. नणंदेचा पासपोर्ट तयार होता. इतकी वर्षं ती ज्यासाठी पळत होती ते आता त्या एका दुपारवर आलं होतं. समोरची मुलगी नागपूरकडची, उंच, लांब हातांची.

दुसऱ्या राऊंडला आमची पडली. अशी तशी नाही, धाडकन. माझ्या हातातली बाटली सुटली. रेफरी आकडे मोजायला लागला आणि मी सासूबाईंकडे पाहिलं. टॉवेल मुठीत, डोळे सताड उघडे. आता टाकतात, आता टाकतात, असं मला झालं. त्या हलल्या नाहीत. आमची गुडघ्यावर आली, उभी राहिली, आणि मी माझ्याच गालावर चापट मारून घेतली, इतका आनंद झाला.

मग जे झालं ते बघायला भाग्य लागतं. तिनं त्या उंच मुलीचे लांब हात निकामी करून टाकले. खाली वाकून आत घुसायची, बरगडीत एक, हनुवटीवर एक, आणि परत बाहेर. पोरीला कुठून सुचतं, देव जाणे. पाचव्या राऊंडला ती नागपूरची दोरीला टेकली. भुवई फुटलेली, हात खाली आलेले. तिचे लोक तरी ओरडतायत, "मार, मार!" आणि मी इकडे, "सोडू नको!"

माझ्या कानाजवळून काहीतरी पांढरं गेलं आणि रिंगच्या मधोमध पडलं.

रेफरीनं लढत थांबवली आणि हात वर केला तो नागपूरच्या मुलीचा. तिला स्वतःलाच कळेना काय झालंय. ती भेदरून सगळ्यांकडे बघत होती.

"अक्का, काय केलंत हे! आपण हरलो!" सर ओरडले.

"हरलो म्हंजे? थांबनी ना मारामारी? ती पोर मरी जाती."

"टॉवेल ज्याचा, तो हरतो!"

"हाई तुम्ही नही सांगं," सासूबाई म्हणाल्या. आणि खरंच, सरांनी तेवढं सांगितलं नव्हतं.

आमची रिंगमध्ये क्षणभर टॉवेलकडे बघत राहिली. मग वाकून तिनं तो उचलला, त्या मुलीच्या भुवईवर दाबून धरला, तिचे लोक येईपर्यंत. कपडे बदलायच्या खोलीत मी सासूबाईंना बोलले. सुनेनं सासूला बोलावं त्याच्या बरंच पुढे गेले. बँकॉक गेलं हो! माझा जीव तुटत होता.

परतताना सर गाडी चालवत होते. एरंडोल मागे गेलं. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा सरांनी हात जोडून विचारलं, "अक्का, आता नियम कळला ना?"

"हाव, कळना. तरी बी टाकसू."

"मग पुढच्या वेळी टॉवेल माझ्याकडे," सर म्हणाले. आता सासूबाई टॉवेल देतील, पण मग पोरीला लढूही देणार नाहीत, हे मला दिसत होतं. अटच तशी होती.

नणंदेचा ओठ फाटलेला, म्हणून तिनं चहा बशीत ओतला होता. बशीकडे बघतच ती म्हणाली, "माय, दुसऱ्या राऊंडले मी पडनू. तवय तू काबर नही टाका?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बँकॉकचं तिला नंतर. परक्या मुलीसाठी आईचा हात उठला आणि आपल्यासाठी उठला नाही, हे तिला ठोशापेक्षा जास्त लागलं होतं.

सासूबाईंनी तिच्याकडे नवल करत पाहिलं. "तुनाकरता कसाले टाकसू? तू उठशी, माले माहीत व्हतं. ती पोर उठी का नही उठी, माले काय माहीत?"

एवढ्या वर्षांत तिच्या बॉक्सिंगबद्दल या बाईच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द. नणंद हसायला गेली, ओठातून रक्त आलं, आणि मग ती त्या टपरीवर चारचौघांत धाय मोकलून रडली. मीही रडले. सर उगाच बिलाची चौकशी करत राहिले.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं.

"सर, टॉवेल मायकडेच राहील," ती म्हणाली. "मी समोरचीला जरा लवकर पाडत जाईन."