शेळीचे वरचे दात

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. सांगायला गेलो तर ऐकणारा हसेल – शेळीच्या दातांवरून एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आणि तो हसला नाही, तर मला जास्तच जड जाईल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका टॉवेलच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात आहे. मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. हे एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. दुपारी चारला आम्ही चौघं तिथं जमायचो. मी, अंबादास आणि श्रीनिवास – हे दोघं विणकरांच्या घरचे, शहरातच वाढलेले – आणि चौथे सिद्राममामा. मामा जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. माग अडखळायला लागला की त्याच्यावर तळहात ठेवून, मान कलती करून उभे राहायचे आणि नेमकं कुठं बिनसलंय ते सांगायचे. मालकसुद्धा तेवढा वेळ गप्प बसायचा.

पण टपरीवर मामांची खरी हौस वाद घालण्याची. उंटाला पोहता येतं का? मुंगी झोपते का? बोरामणीच्या माळावर जास्त वारा की हिप्परग्याच्या तळ्यावर? एकेक वाद तीन-तीन दिवस चालायचा. अंबादास एकदा रविवारी, उन्हातान्हात सायकल मारत माझ्या घरी आला होता. कशाला? तर मुंगीच्या झोपेबद्दल त्याला नवा मुद्दा सुचला होता! पाणीसुद्धा न पिता तो अर्धा तास बोलला. मामांचं बोलणं निम्मं खरं, निम्मं ठोकून दिलेलं असायचं. आम्हाला ते माहीत होतं. आम्हाला ते माहीत आहे हे मामांनाही माहीत होतं. त्यातच तर मजा होती.

आणि मी? मी ऐकायचो. खरं सांगू का, चाळिशी उलटेपर्यंत मला कुणी काही विचारल्याचं आठवत नाही. घरी नाही, कारखान्यात नाही.

मग मी फोन घेतला. नेटवाला. आमच्या चौघांत पहिला. पहिले काही दिवस गंमत झाली. वाद सुरू झाला की सगळे माझ्याकडं वळायचे – दत्ता, बघ रे. मी बघायचो, वाचून दाखवायचो आणि वाद संपायचा. उंटाचा संपला, मुंगीचा संपला. उत्तर मिळाल्यावर पुढं बोलायला काहीच उरत नाही, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. चहा मात्र लवकर संपू लागला. आणि बऱ्याचदा मामा खोटे पडू लागले. ते हसून सोडून द्यायचे. मला मात्र – कसं सांगू – मला ते आवडायला लागलं होतं. लोक माझ्या तोंडाकडं बघतात, हे आवडायला लागलं होतं.

त्या दिवशी माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती आणि मी टपरीवाल्याकडं चार्जर मागत होतो. मामा म्हणाले, "दत्ताची अक्कल बी आता चार्जिंगला लावाय लागती की."

सगळे खदाखदा हसले. मीही हसलो. आतून मात्र मिरची लागल्यागत झालं. साधी थट्टा होती हो. अशा थट्टा त्यांनी सगळ्यांच्या केल्या होत्या.

टपरीच्या मागं दोन-तीन शेळ्या नेहमी फिरायच्या. त्यातली एक टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा खात होती. तिच्याकडं बघत मामा सहज म्हणाले, "हिला वरचं फुडचं दात नसत्यात. तरी बघा कसं वरबडतीया."

अंबादास म्हणाला, छे, दात नाहीत तर चावेल कशी? श्रीनिवास म्हणाला, मामांनी आज सुरुवात केली. आणि दोघं माझ्याकडं वळले.

इथं मी थोडा थांबतो. कारण यापुढचं जे आहे, ते गेली कित्येक वर्षं मी स्वतःशीसुद्धा नीट बोललेलो नाही.

मला फोनची गरजच नव्हती. लहानपणी आमच्या घरी आई नसलेल्या करडांना, कोकरांना दूध पाजणं हे माझं काम होतं. तोंडात बोट घालून त्यांना चोखायला शिकवायचं. मेंढी काय, शेळी काय – खाली दातांची रांग आणि वर पुढच्या बाजूला नुसती हिरडी. टणक, गुळगुळीत. माझ्या या बोटाला ती आजही आठवते. तरी मी फोन काढला. शोधलं. समोर स्वच्छ लिहिलेलं आलं – शेळीला एकूण बत्तीस दात असतात, पण वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्या जागी घट्ट हिरडी असते.

मी वाचलं, "शेळीला एकूण बत्तीस दात असतात. पुढचे दात वर आणि खाली, दोन्हीकडं असतात."

एवढंच. बत्तीस खरे सांगितले, म्हणून बाकीचं खपून गेलं. स्क्रीन कुणी मागितली नाही. कोण मागणार? फोन खोटं बोलत नाही, हे मीच तर त्यांना शिकवलं होतं.

मामा म्हणाले, "आरं, ती काय हितंच हाय. तोंड उघडून बघा की." शेळी आमच्यापासून सहा पावलांवर होती. कुणी उठलं नाही. मी म्हणालो, "कशाला मामा, इथं लिहिलंय की."

मामांनी शेळीकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या फोनकडं पाहिलं. ते उठतील असं मला वाटलं होतं. उठले असते तर मी उघडा पडलो असतो, आणि आज वाटतं, पडायला हवा होतो. पण ते उठले नाहीत. ग्लास खाली ठेवून हळूच म्हणाले, "आसंल बाबा. ल्हानपनी बघितलं हुतं. ध्यानात न्हाय ऱ्हायलं."

त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा सोडला – माझ्यासमोर, माझ्यामुळं. दोन जण हसत होते. मी फोन खिशात टाकला.

यानंतर मामा एकदम यायचे बंद झाले असं नाही. येत होते, पण बोलायचं कमी झालं. काही सांगायला लागले की मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, बघ रे दत्ता, खरं हाय का? पुढं कारखान्यातही तसंच सुरू झालं. एकदा सहा नंबरचा माग अडला. मामा तळहात ठेवून उभे राहिले, नेहमीसारखे. मग हात काढून घेतला आणि मला पॅकिंगमधून बोलावून घेतलं – फोनमदी हाय का बघ, ह्याचं काय झालं आसंल. मालक बघत होता. पुढच्या महिन्यात नवा जॉबर आला. मामांना टॉवेलच्या घड्या घालायला बसवलं, माझ्याच खात्यात, माझ्या शेजारी. काही महिने त्यांनी घड्या घातल्या. मग अक्कलकोटच्या बाजूला त्यांचं गाव आहे, तिकडं निघून गेले.

रोज आठ तास शेजारी बसत होतो. एका वाक्याचं काम होतं. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. अंगणात एक शेळी बांधलेली होती. ती दिसली आणि माझे पायच थबकले. मामांना मात्र मला बघून इतका आनंद झाला! बसू दिलं नाही, हाताला धरून त्या शेळीपाशी नेलं, अंगठ्यानं तिचा वरचा ओठ उचलला आणि म्हणाले, "ह्ये बघ! हाय का दात? ही घरात आली तवा पयलं ह्येच बघितलं. त्या दिशी तुजा फोन चुकला हुता बघ." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुजी काय चूक न्हाय. तू लिवलेलं वाचलंस."

याहून सोपी वेळ कुणाला मिळते का? समोर ते, समोर शेळी, आणि घरात चहा उकळत होता. मी म्हणालो, "व्हय मामा. फोनसुद्धा चुकतो कधी कधी."

त्यांना ते लई पटलं.

टपरीवर आम्ही तिघं अजून चारला बसतो. आता अंबादासकडं फोन आहे, श्रीनिवासकडं आहे. चहा येतो, तिघांच्याही माना खाली असतात. कधी मी काहीतरी मुद्दाम चुकीचं बोलून बघतो, वाद होईल म्हणून. कुणी मान वर करत नाही. शेळ्या मागं फिरत असतात.

फोन चुकला नव्हता. बरोबर आलेलं उत्तर मीच खोटं वाचलं होतं. मामा आहेत अजून, खणखणीत आहेत. एसटीनं तासाभराचा रस्ता आहे. त्या पत्रिकेनंतर मी गेलेलो नाही.