कापलेली पट्टी

माझे मामा दौंडला एकटेच राहतात. रेल्वेतून रिटायर झाले, त्यामुळं बीपीच्या गोळ्या त्यांना रेल्वेच्या दवाखान्याच्या कार्डावर फुकट मिळतात. आई माझ्याकडं, शिक्रापूरला. बीपी तिलाही आहे, पण नवऱ्याच्या कंपनीच्या दवाखान्याच्या कार्डावर मी बसते, पोरं बसतात, त्याची सासू, म्हणजे आई, बसत नाही. मग काय, मामा दर महिन्याला आपल्या पट्ट्या कात्रीनं कापून अर्ध्या गोळ्या भाजीच्या टेम्पोतून धाडायचे आन् दोघं बहीणभाऊ एक दिवसाआड गोळी घ्यायची. मी कितीदा कावले, पण माझं ऐकतील तर शपथ.

कापलेल्या पट्टीवर नाव धड राहत नाही. आम्ही रंगावर जायचो. गोळीची कंपनी बदलली की रंगही अधनंमधनं बदलायचा, म्हणून त्या महिन्यात गुलाबीच्या जागी पांढऱ्या आल्या तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

एरवी आई भाकरी खाऊन गोळी घ्यायची. संकष्टीला उपाशीपोटी घेतली आन् तासाभरात ओट्यापाशी खाली बसली. दरदरून घाम, हात थरथरतायत, जीभ जड. अर्धांगच हे! रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेतलं, तर हायवेवरचे मेले ट्रक जागचे हलेनात. आता ही जाते, एवढंच डोक्यात.

डॉक्टरांनी बोट टोचून रक्त बघितलं आन् लगेच शिरेतून साखर दिली. ती शुद्धीवर आली तसं त्यांनी मी नेलेल्या पट्टीमागचं अर्धं नाव वाचलं आन् विचारलं, शुगर नसताना हिला शुगरची गोळी कुणी दिली? आईनं माझा हात असा दाबला की नखं रुतली. भावाचं कार्ड बंद होईल ही धास्ती. मरता मरता वाचली बाई, आन् काळजी कार्डाची! मी सगळं सांगून टाकलं.

बाहेर येऊन मामांना फोन लावला. मागच्या महिन्यात शुगर निघाली, तुम्हाला कशाला घोर, असं म्हणाले. दोन्ही गोळ्या पांढऱ्याच निघाल्या म्हणे, आन् शुगरच्या पहिल्यांदा पंधराच मिळालेल्या, आईच्या वाट्याएवढ्याच. मग उरलेल्या पट्ट्या चाचपल्याचा आवाज आला.

"शुगरच्या समद्या तिच्याकडं गेल्या," ते हळू म्हणाले, "तर शुगरची म्हनून मी रोज काय खातोय गं?"

"बीपीचीच," मी म्हणाले. "वरनं एक दिवसाआड आणखी एक."

"तरीच उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येती."

"मामा, हाय तिथंच बसा. उठू नका. मी तुमच्या शेजारच्या कुणाला तरी फोन करून धाडते."

"बसलोय," ते म्हणाले. मग म्हणाले, "दार आतनं लावलंय गं."