बासष्ट नंबरची सावली

ब्राह्मणपुरीत निम्म्या गावाला वाटायचं, की रुपा एखाद्या सोनाराकडे कामाला आहे. दोष तिच्या सासूचा, सरलाबाईंचा. रुपा लग्न होऊन आली तेव्हा कुणीतरी विचारलं, सून घरात बसून त्या कॉम्प्युटरवर काय करते, तर सरलाबाईंनी तिच्या तोंडून ऐकलेला एकच शब्द पुढे केला. "मन्ही सून सोनारकडे कामले शे." त्यानंतर दोन-तीन बायका जुन्या पाटल्या घेऊन वजन करायला आल्या होत्या.

तिचा सोनार वेगळा, ते एका यंत्राचं इंग्रजी नाव. समुद्रात जहाज चालतं, त्याच्यामागे दोरखंडाला बांधलेलं एक यंत्र पाण्यातून ओढत नेतात. ते आवाज सोडतं, आवाज तळावर आपटून परत येतो आणि त्यातून तळाचं चित्र तयार होतं, तपकिरी, दाणेदार, पट्टीपट्टीनं. तळावर काही पडलेलं असेल तर ते चमकतं आणि त्याच्यामागे सावली पडते. रुपा त्या पट्ट्या बघायची. कुठे खडक, कुठे बुडालेली नाव, कुठे नुसता गाळ, ते ठरवून क्रमांक टाकायची. पुण्यात भूगर्भशास्त्र शिकून तिनं दोन वर्षं कंपनीच्या ऑफिसात हेच काम केलं होतं. लग्नानंतर प्रतिभा मॅडम, तिच्या वरिष्ठ, म्हणाल्या, "घरून कर. तुझ्यासारखी नजर मला दुसरी मिळायची नाही." मग माडीवरच्या खोलीत टेबल आलं, कूलर आला. खिडकीतून केळीची बाग दिसायची. समुद्र तिथून कितीतरी लांब.

या कामात तिच्या ओळखीचा, तिच्या जिल्ह्यातला एकच माणूस होता. बाज्या.

धडगावकडचा पावरा आदिवासी पोरगा. नर्मदेवर धरण झालं, पाणी मागे चढत आलं, त्याच्या आजोबांची शेतं त्याखाली गेली. बाज्या त्या पाण्यावर होडी वल्हवतच मोठा झाला. कंपनीनं तिथं पाण्याची खोली मोजायचं काम घेतलं तेव्हा रुपा पंधरा दिवस त्याच्या होडीत होती. एके दिवशी यंत्र खाली बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत अडकलं. सगळे बघत बसले. बाज्यानं सदरा काढला, श्वास भरला आणि खाली गेला. रुपा मनात आकडे मोजत होती. ऐंशीच्या पुढे तिला मोजवेना. तो वर आला तेव्हा हातात यंत्राची कडी होती आणि तो हसत होता.

रुपानंच प्रतिभा मॅडमना गळ घातली. कंपनीनं त्याला पाणबुड्याचं शिक्षण दिलं, परवाना मिळाला. त्याची बायको रविना दोन वर्षांच्या मुलीला घेऊन शहाद्यात खोली करून राहिली. घर सोडताना तिनं रुपाला एवढंच म्हटलं होतं, "ताई, तुमच्या शब्दावर पाठवते."

त्या उन्हाळ्यात कंपनीला वेगळंच काम मिळालं. दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेली एक परदेशी पाणबुडी शोधायची होती. आतल्या खलाशांच्या नातवंडांनी मिळून हा शोध हाती घेतला होता. आपली माणसं कुठे आहेत, एवढंच त्यांना हवं होतं. बाहेर काही काढायचं नाही, हात लावायचा नाही. सापडली तर ओळख पटवायची आणि जागा नोंदवायची. समुद्र खवळायच्या आत, मे संपण्यापूर्वी.

तीन आठवडे पट्ट्या येत राहिल्या. रुपा सकाळी सहाला बसायची ती कूलरचं पाणी संपेपर्यंत. आणि एका सोमवारी ती दिसली. गाळात एका अंगावर किंचित कललेली, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, मधोमध एक उंचवटा. क्रमांक बासष्ट. मोजमाप जवळपास जुळत होतं. प्रतिभा मॅडम फोनवर अक्षरशः ओरडल्या. पाण्यात पाठवायचा कॅमेरा नेमका बिघडला होता, म्हणून पाणबुडे उतरणार असं ठरलं. गुरुवारी, अकराच्या सुमारास, प्रवाह मंद असताना. पहिला बाज्या.

गुरुवारी सकाळी रुपा अहवाल लिहायला बसली. बासष्ट नंबरवरून जहाज दोनदा गेलं होतं. दुसऱ्या फेरीच्या दिवशी वारा होता, चित्र खराखरा ओरखडल्यासारखं आलं होतं. तिनं त्या पट्टीपुढे "पाहिली" असं लिहून ठेवलं होतं. खरं तर तिनं ती नुसती सरकवली होती. त्या दिवशी डोळे भगभगत होते, पहिल्या फेरीत सगळं स्पष्ट होतं, काय बघायचं आणखी.

अहवालासाठी म्हणून तिनं ती उघडली, ओरखडे गाळले, उजळली.

उंचवट्यापासून एक सावली निघाली होती. लोखंडाची सावली सरळ असते. ही फाटकी होती. वर चढत गेलेली, भोकाभोकांची, कडेला लोंबणारी. रुपानं आधी ओळखलं नाही, मग एकदम ओळखलं. जाळं. मासेमारीच्या ट्रॉलरचं तुटलेलं, तरंगत्या गोळ्यांमुळे पाण्यात उभं राहिलेलं मोठं जाळं. गढूळ पाण्यात ते माणसाला हात लागेपर्यंत दिसणार नव्हतं.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

इथं रुपानं जे केलं ते तिनं पुढे कुणापासून लपवलं नाही. ती बसून राहिली. वाऱ्याच्या ओरखड्यांचा दोष असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. चित्र पुन्हा उजळलं, पुन्हा अंधारलं. सांगायचं म्हणजे "पाहिली" हा शब्द खोटा होता हेही सांगायचं. अकरा मिनिटं ती त्या शब्दाकडे बघत होती. मग तिनं फोन उचलला.

प्रतिभा मॅडमचा फोन बंद. त्या विमानात होत्या. तिनं जहाजाला मेल लिहायला घेतला आणि कूलर घरघर करत थांबला. लाईट गेली. वायफाय गेलं. मोबाईलवर रेंजची एक काडी यायची, जायची.

ती लॅपटॉप छातीशी धरून जिना उतरली. अंगणात नवरा, भूपेश, मोटरसायकल पुसत होता.

"काय व्हयनं? तोंड काबरं असं व्हई गयं?"

"शहादा चाल. आत्तेच चाल."

त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही. मागून सरलाबाई ओरडत राहिल्या, "अरे, जेवी तर जा!"

रस्त्याला ऊन असं होतं की डांबर चमकत होतं. रुपाला वाटेतलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की समोर उसानं भरलेला ट्रॅक्टर आला, भूपेशला गाडी हळू करावी लागली, आणि ती त्याच्या पाठीवर मुठी मारत होती. मध्येच फोन वाजला. जहाज असेल म्हणून तिनं कानाला लावला.

"ताई, मी रविना. त्याचं काही कळलं का? आज उतरणार म्हणाला होता. सकाळपासून माझं मन थाऱ्यावर नाही."

"कळवते," रुपा म्हणाली आणि फोन ठेवला. 

शहाद्याच्या बस स्टॅंडसमोर नथमल शेठजींचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. तिथं इन्व्हर्टर होता, नेट होतं. रुपानं काउंटरवरच्या वह्या बाजूला सारून लॅपटॉप ठेवला, जहाजाचा सॅटेलाईट फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. पाणबुड्यांच्या प्रमुखाचा आवाज आला, खोल विहिरीतून यावा तसा.

"बाज्या खाली आहे का?" तिनं विचारलं.

"नऊ मिनिटं झाली. पण त्याची हवेची नळी कशात तरी गुंतली आहे. पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. तुम्ही कोण?"

"रुपा. ते जाळं आहे. पाण्यात उभं आहे. ओढू नका, त्याला हलू देऊ नका!"

 तोच आवाज, अगदी शांत, "कुठल्या बाजूला आहे? दुसरा माणूस सोडतोय. त्याला कुठून पाठवू?"

उंचवट्याच्या खालच्या अर्ध्यात. चित्रात खाली. नकाशात खाली म्हणजे दक्षिण. तिच्या जिभेवर "दक्षिणेला" आलंही होतं. तिनं दातांनी जीभ धरली. ही दुसरी फेरी. जहाज कुठून कुठे गेलं होतं? तिनं पट्टीची नोंद उघडली. बोट घसरलं, भलतीच फाईल उघडली, पुन्हा बंद केली. उत्तरेकडून दक्षिणेला. जहाज जिकडे जातं ती बाजू पट्टीत वर येते, म्हणजे या चित्रात वर दक्षिण आहे आणि खाली उत्तर. सगळं उलटं. तिनं पुन्हा पाहिलं. आणखी एकदा पाहिलं.

"सांगा," आवाज म्हणाला.

"उत्तरेला. उंचवट्यापासून पुढच्या टोकापर्यंत सगळं जाळं आहे. दक्षिणेची बाजू मोकळी आहे. दक्षिणेकडूनच पाठवा."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली. आणि लाईन तुटली.

त्यानंतर फोन लागला नाही. शेठजींनी स्टूल दिलं, पाण्याचा तांब्या दिला. भूपेश दुकानाच्या पायरीवर उभा राहून स्वतःच्या फोनवरून तोच नंबर पुन्हा पुन्हा फिरवत होता. रुपा चित्राकडे बघत होती आणि प्रत्येक वेळी उत्तरेची दक्षिण होत होती. आपण उलटं सांगितलं. आता दुसराही त्यातच गेला. एस.टी.चा भोंगा वाजला की ती दचकत होती.  बाज्या खाली श्वास धरून हसतोय असं दिसायचं, आणि मग तो हसायचा थांबायचा.

रविनाचा फोन पुन्हा आला. रुपानं तो वाजू दिला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

"रविना, तो खाली जाळ्यात अडकलाय. जाळं मला आधीच दिसायला हवं होतं. मी नीट पाहिलं नाही. आणि दिसल्यावरही सांगायला उशीर केला."

पलीकडे मुलगी रडत होती. रविना म्हणाली, "कुठे आहात?"

ती वीस मिनिटांत आली, मुलीला कडेवर घेऊन, एका पायात चप्पल नव्हती. रुपाला वाटलं, ही आपल्याला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण रविनानं तिच्याकडे पाहिलंही नाही. लॅपटॉपसमोर उभी राहिली.

"यात तो कुठे आहे?"

रुपानं बोट ठेवलं. रविना त्या ठिकाणी बघत राहिली. तपकिरी दाण्यांत तिला काय दिसणार होतं? मुलीनं पडद्यावर हात मारला तेव्हा तिनं तो हळूच खाली घेतला. मग दोघी जमिनीवर, काउंटरला टेकून बसल्या. रविना तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटत होती. रुपाला ती कळत नव्हती, पण त्यात बाज्याचं नाव येत होतं.

फोन पावणेदोनला आला.

"वर आलाय. टप्प्याटप्प्यानं आणावं लागलं, म्हणून वेळ गेला. दुसऱ्यानं दक्षिणेकडून जाऊन जाळं कापून नळी मोकळी केली. जिवंत आहे. आता अंगावरचा दाब हळूहळू उतरवायला दाबाच्या टाकीत ठेवलाय, रात्रीपर्यंत आतच राहील. डाव्या कानातून रक्त आलंय."

रुपानं फोन रविनाच्या हातात दिला. रविनानं एकच विचारलं, "बोलतो का?" उत्तर ऐकलं, आणि तिथल्या तिथे वह्यांच्या ढिगावर डोकं ठेवून रडायला लागली. नथमल शेठजींनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं, रस्त्यावरच्या लोकांनी बघू नये म्हणून.

बासष्ट नंबर तीच पाणबुडी निघाली. दुसऱ्या पाणबुड्यानं दोन दिवसांनी दक्षिणेकडून मोजमाप घेतलं. नातवंडांनी त्या जागी फुलं सोडली, त्याचा फोटो प्रतिभा मॅडमनी सगळ्यांना पाठवला. रुपानं तो उघडला नाही. तिनं अहवालात अकरा मिनिटं लिहिली, "पाहिली" हा शब्दही लिहिला. प्रतिभा मॅडमनी वाचून फोन केला. "हे काढून टाकायला मी सांगणार नाही. पण सहा महिने तुला काम देता येणार नाही."

ते सहा महिने रुपानं शेतात काढले. लॅपटॉप कपाटात होता. तरी दुपारी डोळा लागला की समोर पट्ट्या सरकायच्या, आणि त्यांच्यामधून ती फाटकी सावली वर चढत यायची. प्रकाशा गावच्या पुलावरून जाताना ती तापीकडे बघत नसे. सरलाबाई तिच्या पायांच्या तळव्यांना खोबरेल चोळत म्हणायच्या, "भ्याव नको. आते व्हई गयं ना ते." पण ते संपलं नव्हतं.

दिवाळीनंतर बाज्या आला. रविना आणि मुलगीही आली. डाव्या कानानं त्याला आता ऐकू येत नव्हतं, म्हणून तो उजवी बाजू पुढे करून बसला. डॉक्टरांनी खोल पाण्यात जाणं कायमचं बंद केलं होतं. कंपनीनं त्याला जहाजावर, यंत्र सोडायच्या कामावर ठेवलं होतं.

रुपाला माफी मागायची होती. पाठ करून ठेवलेलं सगळं ती विसरली.

"तू खाली असताना," तिनं विचारलं, "घाबरला होतास?"

"हो ताई. नर्मदेत कधी घाबरलो नाही. तिथं हाताला झाड लागायचं, ओळखीचं. इथं हात लावला तर लोखंड होतं, थंड. आत माणसं आहेत, माहीत होतं. मला वाटलं, आता मीही यांच्यातच. मग वरून आवाज आला, हलू नको, जाळं उत्तरेला आहे, माणूस येतोय. तेव्हा डोळे मिटले आणि तसाच राहिलो."

 रविना रुपाला म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलं म्हणून आले मी. पण राग गेलेला नाही. जाईल तेव्हा सांगेन."

"सांग," रुपा म्हणाली.

सरलाबाईंनी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला. मुलगी केळीच्या बागेत पळाली, बाज्या तिच्यामागे गेला. पुढच्या सोमवारी रुपाला नव्या पट्ट्या येणार होत्या, कुठल्याशा बंदराच्या, साध्या गाळाच्या. तिनं प्रतिभा मॅडमना होकार कळवला होता. कळवताना घाम फुटला होता, आणि पहिली फाईल उघडतानाही तो फुटणार हे तिला माहीत होतं.