भेगेवरची काच

पंढरी सोनकांबळे कुणाच्या घरी गेले की आधी पाणी नाही घ्यायचे, आधी भिंत वाजवायचे. बोटांच्या पेरांनी टकटक करायची, कान लावायचा आणि मग "भरीव हाय" म्हणून निवांत खुर्चीत बसायचं. लेकीचं, धम्मप्रियाचं स्थळ बघायला नांदेडला गेले तेव्हाही त्यांनी व्याह्यांच्या बैठकीतला खांब वाजवून पाहिला. व्याही तेव्हा हसले, पण पुढं कित्येक वर्षं सुनेला टोमणा मारत राहिले, की तुझ्या बापानं पोरगा नंतर बघितला, आधी आमचा खांब पसंत केला.

लोक त्यांना चक्रम म्हणत, आणि थोडे ते होतेही. पण देगलूरकडच्या खेड्यातून डिप्लोमा करून सरकारी बांधकामावर लागलेला हा इंजिनिअर भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला पुनर्वसनाच्या कामावर गेला होता. पडक्या गावांत त्यांनी काय पाहिलं ते घरात कधी बोलले नाहीत. भिंत आधी सांगते, आपण ऐकत नाही, एवढंच म्हणायचे.

लातूरला त्यांनी स्वतःचं घर बांधलं. पुढं जिन्याखालच्या कोपऱ्यात बारीकशी भेग दिसली, तेव्हा तिच्यावर आडवी काचेची पट्टी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली. भिंत सरकली तर काच तडकते, इतकी साधी युक्ती. दर पौर्णिमेला वंदना झाली की ते चष्मा लावून काचेपाशी जायचे आणि पंचशीलाबाई चहाचा कप धरून मागं उभ्या राहायच्या. काच साबूत दिसली की त्यांना चहा गोड लागायचा. काच कशासाठी आहे हे त्यांनी पोरांना समजावलं. बायको घाबरेल म्हणून तिला मात्र नाही सांगितलं. पंचशीलाबाईंना ते नवऱ्याचं खूळ वाटायचं, पण त्याचं आहे म्हणून त्या ती काच पदरानं पुसून लख्ख ठेवायच्या. इतक्या वर्षांत तिला ओरखडा आला नाही.

लातूरनं रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय. तिथं ज्याच्या गच्चीवर टाक्या जास्त तो शहाणा. पंढरीरावांची टाकी जमिनीत. "भरलेली टाकी म्हंजे बसलेली म्हैस," ते म्हणायचे. "तिला खाली बसवा, डोक्यावर न्हाई."

ते गेले आणि वर्ष सरायच्या आत म्हशी डोक्यावर चढल्या. धाकट्या लेकानं, आनंदराजनं, क्लाससाठी लातुरात राहायला येणाऱ्या मुलींसाठी वर मजला काढला आणि एवढ्या मुलींना पाणी कमी पडू नये म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात टाक्यांची रांग उभी केली. कोपरा नेमका जिन्याच्या वरचा.

धम्मप्रियाला हे नांदेडला फोनवर कळलं. तिनं भावाला लई सुनावलं.

"ताई, तू उगं भीती घालून राहिलीस," आनंदराज म्हणाला. "बाबांची काच हाय ना? ती फुटलेली दिसली तर त्याच दिवशी पोरी हलवतो अन् टाक्या उतरवतो. बाबांच्या फोटोपुढं शब्द देतो."

पौर्णिमा धरून बाबांचं वर्षाचं पुण्यानुमोदन ठेवलं होतं. धम्मप्रिया आली ती चपला न काढताच जिन्याखाली गेली. भेग तिला रुंदावल्यासारखी वाटली. पण काच अखंड होती, चकचकीत होती. आनंदराज मागं येऊन उभा राहिला.

"झालं समाधान?"

तिला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली. काच फुटलेली असावी असं येताना गाडीत आपल्याला वाटत होतं, हे तिचं तिला कळत होतं. वंदना झाली, लोक बाबांबद्दल चार शब्द बोलले, वरच्या मुली खाली येऊन खीर खाऊन गेल्या. खांबाची गोष्ट निघाली तेव्हा धम्मप्रिया सगळ्यांबरोबर हसली आणि मग तिला रडू आलं.

पाहुणे पांगल्यावर आई पदर सावरत जिन्याखाली गेली. पौर्णिमा होती. धम्मप्रिया तिच्या शेजारी टेकली.

"किती लख्ख ठेवलीस गं."

आईनं इकडंतिकडं पाहिलं. "तुला म्हणून सांगते, आनंदला बोलू नको. ही ह्यांची न्हाई. ह्यांची फुटली. फोटोची फ्रेम केली ना, त्या फ्रेमवाल्याकडून पट्टी कापून आणली अन् सिमेंट लावून बसवली. ह्यांची आठवण, फुटकी कशी ठेवू?"

"कधी फुटली?"

"टाक्या बसवल्या त्या महिन्यात. मग नवी बी फुटली. ही तिसरी. म्हातारपणी हात जड झाला माझा, पुसता पुसता तडकती."

धम्मप्रिया भिंतीकडं वळली. तिनं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली, बाबांसारखी, आणि कान लावला. आवाज भरीव नव्हता. वर मोटर सुरू झाली होती. टाक्यांत पाणी पडू लागलं होतं आणि त्या आवाजावर मुलींचं हसणं येत होतं.

"आनंद," तिनं हाक मारली. "मोटर बंद कर. पोरींना खाली आण. आत्ता."

आनंदराज हात पुसत आला. "काच तर चांगली हाय की, ताई."

बोलता बोलता त्याची नजर काचेवर गेली आणि तिथंच राहिली. टक असा बारीक आवाज झाला. काचेच्या मधोमध एक रेघ उमटली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आईनं दोन्ही हात मागं घेतले आणि ओशाळून लेकीकडं पाहिलं.

"आज तर मी हातबी लावला न्हाई," ती म्हणाली.