सुधाकरभाऊंचा चॉपर

"दादा गेला, मॅडम..." शोभाताई फोनवर एवढंच बोलल्या. त्याला आता दीड महिना होईल.

बुलढाण्याच्या कॉलेजात मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, सुधाकरभाऊ आमच्या प्रयोगशाळेत सहायक. रोज अमडापूरहून बसने यायचे. घरी ते आणि धाकटी बहीण शोभा, दोघंच. पोलिओने तिचे पाय लहानपणीच गेलेले. तिला गावातल्या शाळेत शिकवायला एकटीनं जाता यावं, म्हणून भाऊंनी तिच्या चाकाच्या खुर्चीला मोटर आणि बॅटरी जोडली. बटण दाबताच मोटरला सगळा जोर एकदम मिळाला, खुर्चीनं हिसका दिला आणि शोभाताई अंगणात पडल्या. मनगट मोडलं. पुन्हा बसणार नाही, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्यासमोर उभे. "मॅडम, मोटरले हळूहळू ताकद कशी द्याची?"

मी फळ्यावर चॉपरचं, म्हणजे वीज तोडून-तोडून देणाऱ्या सर्किटचं, सूत्र लिहिलं. "हे नोको, बोलून सांगा." मग सांगितलं, बॅटरी तीच राहते, मधला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा. चालू जास्त वेळ ठेवला तर वेग जास्त, कमी ठेवला तर कमी. भाऊ खुलले. "म्हंजे झटके इतके जलद, का मोटरले समजतच नाही!" इतकं सोपं मला वीस वर्षांत सांगता आलं नव्हतं.

पण त्यांनी जुळवलेल्या सर्किटमधला, स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर जळाला. दुसराही जळाला. मग माझ्या लक्षात आलं... स्विच बंद झाला तरी मोटरमधला प्रवाह एकदम थांबत नाही, त्याला फिरायला वाट म्हणून डायोड लागतो. तेच सांगायला मी विसरले होते. मी ओशाळले. "काऊन वाईट वाटून घेता? मी बी इचारलं नाही ना," भाऊ म्हणाले.

डायोड बसवून झाल्यावर एका रविवारी मी अमडापूरला गेले. शोभाताई बसेनात. भाऊ स्वतःच खुर्चीत बसले, अंगणाला दोन फेऱ्या मारल्या, मग उतरून तिला उचलून बसवलं. खुर्ची अलगद सरकली.

"हळू, दादा!"

"मी कुठी चालवून राह्यलो? तूच चालवून राह्यली."

त्या फाटकाबाहेर पडल्या, रस्त्याला लागल्या. भाऊ फाटक धरून उभे राहिले, त्या वळून दिसेनाशा होईपर्यंत...

परवा भेटायला गेले. भाऊंच्या खोलीत, त्यांच्या कामाच्या टेबलाशी, शोभाताई कुणाच्या तरी ई-रिक्षाचा कंट्रोलर, मोटरचा वेग सांभाळणारा तसलाच चॉपर, दुरुस्तीला उघडून बसल्या होत्या.

"या टेबलाले दादा हात लावू देत नव्हता मले," त्या म्हणाल्या. "पण दारात बसून सारं पाह्यलं मी." मग मान वर न करता, "मॅडम, जरा टॉर्च धरता?"

मी टॉर्च धरला.